एकबेरीज: हिरव्या बाणाखाली लपलेलं उसाचं बिल

कानात हेडफोन घालून केएमटीच्या बसमध्ये बसलेले, रंकाळ्यावर चालायला आलेले, आणि हापिसात काम करतोय असं दाखवत गुपचूप ऐकणारे, सगळ्यांना रामराम. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीसारखा लिहूनही काढलाय.

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, ह्यात इतिहास कुठाय? विषय आहे डॅशबोर्ड. गाडीतला न्हवे, स्क्रीनवरचा. शेअर बाजारातल्या कंपन्यांचा अभ्यास करणाऱ्या विश्लेषकांसाठी आकडे, आलेख, हिरवे-लाल बाण एका पानावर मांडलेले असतात, तो डॅशबोर्ड. माझं पोट त्याच्यावर चालतं. कोल्हापुरात घरी बसून मी मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी असले डॅशबोर्ड बनवतो. पण आजची गोष्ट सुरू होते एका फोनपासून.

मे २०२५. कंपन्यांचे वार्षिक निकाल यायचे दिवस. एका छोट्या विश्लेषक फर्मसाठी मी साखर कंपन्यांचा डॅशबोर्ड करत होतो. एका कंपनीचे नवे आकडे भरले आणि 'कामकाजातून आलेली रोख' ह्या चौकटीत झक्कास हिरवा बाण उगवला. वर! रोख वाढली. मी खूश. रंग बरोबर, फॉन्ट बरोबर, सगळं जिथल्या तिथं.

तेवढ्यात गावाकडनं आण्णांचा फोन. आण्णा म्हणजे माझे वडील.

"काय चाललंय रं?"

"काम चाललंय आण्णा. तुम्ही बोला."

"बँकेत जाऊन आलो. बिल अजून जमा न्हाई."

आमचा ऊस फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तुटला होता. कारखान्याचं नाव मी सांगणार नाही, आणि ज्या कंपनीचा बाण हिरवा झाला ती कंपनीही ही न्हवं. पण फोन ठेवला आणि माझी नजर परत स्क्रीनवर गेली. रोख वाढली म्हणजे नक्की कुठनं वाढली? खाली उतरून बघितलं. साखरेची विक्री जेमतेम. नफा गेल्या वर्षीएवढाच. वाढली होती ती देणी. म्हणजे ज्यांचे पैसे द्यायचे होते ते दिले न्हवते, म्हणून कंपनीकडं रोख जास्त दिसत होती. आणि साखर कंपनीचं सगळ्यात मोठं देणं कुणाचं असतं? ऊस घालणाऱ्याचं.

म्हणजे कुठल्यातरी दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या कुणाच्या तरी आण्णांचं न आलेलं बिल माझ्या स्क्रीनवर हिरवा बाण होऊन बसलं होतं. आणि तो बाण मी स्वतः रंगवला होता.

तिथनं मी मागं मागं गेलो. हे एका पानावर आकडे मांडायचं काम सुरू कुणी केलं? आणि असं लपवणं त्यात पहिल्यापासून होतं का? आजचा भाग त्याबद्दल.

टांग्याची फळी

आधी शब्द बघू. डॅशबोर्ड हा शब्द घोडागाडीचा आहे. घोडा पळताना खुरांनी चिखल आणि खडे मागं उडवतो. ते गाडीत बसलेल्याच्या अंगावर येऊ नयेत म्हणून पुढं एक फळी लावायचे. शिंतोडे अडवणारी फळी, तो डॅशबोर्ड. पुढं मोटारी आल्या, चिखल उडवायला घोडा उरला नाही, पण फळीचं नाव राहिलं आणि तिच्यावर वेगाचे नि पेट्रोलचे काटे बसले. मग कॉम्प्युटरवाल्यांनी तो शब्द उचलला.

म्हणजे मूळ काम काय, तर मालकाच्या अंगावर चिखल उडू न देणं. हे ध्यानात ठेवा. पुढं कामाला येईल.

नानांचं एकबेरीज दफ्तर

वस्तू मात्र शब्दापेक्षा जुनी आहे, आणि आपल्याकडंही होती. पुण्यात पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे दोन मोठे भाग होते. एक चालते दफ्तर, म्हणजे रोजचा चालू कारभार. आणि दुसरं, नाव ऐका, एकबेरीज दफ्तर. सगळ्या हिशेबांची मिळून एक बेरीज जिथं होते ते दफ्तर. डॅशबोर्डला मराठी शब्द शोधत असाल तर तो दोनशे-अडीचशे वर्षांपासून तयार आहे.

काम कसं चालायचं? रोज जे जमा झालं, जे खर्च झालं ते त्याच दिवशी तारीखवार लिहायचं, ती रोजकीर्द. मग त्यातल्या नोंदी विषयवार, नावावार वेगळ्या काढायच्या. कुठल्या महालाचं काय, कुणाच्या नावे काय, ही झाली खतावणी. वर्ष संपलं की जमा एकीकडं, खर्च एकीकडं, हा ताळेबंद. आणि ह्या सगळ्याच्या वर तर्जुमा, म्हणजे गोषवारा. एक कागद हातात घेतला की राज्याचं उत्पन्न-खर्चाचं चित्र समजावं, एवढा आटोपशीर.

आता डेटाचं काम करणाऱ्या मित्रांनो, तुम्हीच सांगा. कच्चा डेटा, मग त्याची वर्गवारी, मग वार्षिक अहवाल आणि वर सारांशाचं पान. आपण वेगळं काय करतो? फक्त लिपी मोडी होती आणि सर्व्हर म्हणजे बोरू घेऊन बसलेले कारकून. भरभराटीच्या काळात हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून होते. नाना फडणवीसांनी ह्या दफ्तराला शिस्त लावली, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्याची आबाळ झाली, असं इतिहासकार सांगतात. कोल्हापूरची गादी तेव्हा वेगळी, कारभार वेगळा. पण रोजकीर्द-खतावणीची भाषा इथंही तीच.

ह्या सगळ्यातला माझा आवडता शब्द 'ताळेबंद'. ताळा म्हणजे काय? शाळेत गुणाकार केला की गुरुजी म्हणायचे, ताळा करून बघ. म्हणजे उलटं गणित करून उत्तर तपास. ज्या हिशेबाचा ताळा झालाय तो ताळेबंद. आपल्या जुन्या लोकांनी वार्षिक हिशेबाच्या नावातच तपासणी घालून ठेवली होती. बेरीज एकट्याची चालत नाही. वरच्या एका आकड्यावरनं खाली रोजकीर्दीपर्यंत उतरता आलं पाहिजे. त्या संध्याकाळी माझ्या हिरव्या बाणात नेमकं हेच न्हवतं. बेरीज होती. ताळा करायला जागा न्हवती.

१७८६ मधली एक रेघ

नाना फडणवीस पुण्यात कारभार बघत होते, त्याच काळात, १७८६ मध्ये, लंडनमध्ये विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसानं एक पुस्तक काढलं. हा गडी आधी वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटकडं नकाशे-आराखडे काढायचा. त्यानं इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आकडे तक्त्यात न लिहिता रेघांनी काढले. आडवी वर्षं, उभे पैसे, आणि मधनं वर-खाली जाणारी रेघ. व्यापाराचे आकडे असे रेघेनं दाखवणारं हे पहिलं पुस्तक मानतात.

त्याच पुस्तकात स्कॉटलंडचा एक आलेख आहे. त्याच्याकडं स्कॉटलंडचे वर्षानुवर्षांचे आकडे न्हवते, एकाच वर्षाचे होते. रेघ काढणार कशी? मग त्यानं प्रत्येक देशासाठी पट्ट्या काढल्या. आज आपण ज्याला बार चार्ट म्हणतो तो असा, माहिती अपुरी होती म्हणून जन्माला आला. पुढं १८०१ मध्ये गोल चकती कापून भाग दाखवायची पद्धतही त्यानंच आणली.

रेघेची ताकद मोठी आहे. पन्नास ओळींचा तक्ता वाचायला वेळ लागतो, रेघ एका नजरेत कळते. पण धोकाही तिथंच. तक्ता वाचताना माणूस अडखळतो, शंका घेतो. रेघ बघताना मान डोलावतो.

शाहूपुरी ते सोसायटी

आता परत गावात येऊ. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला हक्काचा बाजार मिळाला. त्याच गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गुऱ्हाळावरनं गुळाचे रवे यायचे, अडत्याच्या दारात सौदे निघायचे, आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडायची. पट्टी म्हणजे एक कागद. रवे किती, वजन किती, दर काय, अडत-हमाली किती वजा, हातात किती. शेतकऱ्याचा डॅशबोर्ड तोच. चार-पाच आकडे, पण प्रत्येकाचा ताळा जाग्यावर करता यायचा, कारण रवे त्याच्यासमोर मोजलेले असायचे.

मग साखर कारखाने आले आणि आकडे माणसापासनं लांब गेले. ऊस शेतात तुटतो, वजन कारखान्याच्या काट्यावर होतं, साखरेचा उतारा प्रयोगशाळेत ठरतो, दराचा कायदा दिल्लीत, थकबाकीचा अहवाल पुण्यात साखर आयुक्तालयात. शेतकऱ्याच्या हातात राहते वजनाची पावती: भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन.

शहरातल्या मित्रांसाठी दराचं गणित सांगतो, सोपं आहे. २००९ पासून उसाला एफआरपी आहे, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये जादा. कोल्हापूरचा ऊस गोड, उतारा चांगला. समजा १२.२५ टक्के धरला. म्हणजे दोन टक्के जादा, म्हणजे वीस वेळा ३.३२, झाले ६६.४० रुपये. एकूण ४०६.४० रुपये क्विंटल, टनाला ४,०६४. त्यातनं तोडणी-वाहतूक वजा जाते. ती समजा ८५० धरली, तर हातात टनाला ३,२१४. साठ टन ऊस गेला असेल तर १,९२,८४० रुपये.

आणि ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, न दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज. वरच्या रकमेवर साठ दिवस उशीर झाला तर सुमारे ४,७५५ रुपये व्याज होतं. आता हात वर करा, तुमच्या घरात कुणी हे व्याज मागितलंय? आमच्यात तर न्हाई.

उशिराची खरी किंमत ह्या व्याजापेक्षा मोठी असते. गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज ३० जूनच्या आत भरलं तर व्याजात सवलत मिळते. बिल जुलैत आलं तर सवलत गेली. जूनच्या तोंडाला खत घ्यायचं, शाळेची फी भरायची. म्हणून आण्णा मे महिन्यात बँकेत चकरा मारत होते.

वारणेचा प्रयोग

आता आजच्या भागातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. शेतकऱ्यापासनं लांब गेलेले आकडे परत त्याच्या जवळ आणायचा मोठा प्रयत्न आपल्याच जिल्ह्यात झाला. आमचा ऊस वारणेला जात नाही, त्यामुळं ह्यात माझं घरचं काही नाही.

१९९८ साल. वाजपेयी पंतप्रधान. माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलेलं. त्यातनं तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणानगरच्या सहकारी परिसराची निवड झाली. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं कॉम्प्युटरनं जोडायची. खर्च अडीच कोटींच्या आसपास. निम्मा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा, १० टक्के वारणेचा. तांत्रिक काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडं. ज्या काळात आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात लँडलाइनसुद्धा न्हवती, त्या काळात गावात माहिती केंद्र आणि त्यात कॉम्प्युटर!

स्वप्न मोठं होतं. शेतीसल्ला, बाजारभाव, सरकारी योजना, शिक्षण, सगळं त्या खोक्यातून मिळणार. प्रत्यक्षात लोकांनी त्याचा वापर मुख्यतः एका कामाला केला, कारखान्याच्या व्यवहाराला. उसाची नोंद, तोडीचा परवाना, किती टन गेला, खत किती उचललं, बिल किती झालं. तज्ज्ञांनी मांडलेल्या जेवणाच्या ताटातनं शेतकऱ्यानं आपल्याला लागणारी भाकरी तेवढी उचलली.

काही वर्षांनी मशीन जुनी झाली, देखभाल महाग पडायला लागली. तेव्हा बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे संशोधक तिथं आले. त्यांनी आधी नुसतं बघितलं की लोक खरंच काय वापरतात. मग म्हणाले, एवढ्यासाठी कॉम्प्युटर कशाला पाहिजे? सात गावांत, आठ महिने, त्यांनी कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस लावून बघितला. ठरलेला संदेश पाठवायचा, उत्तर संदेशातच येणार. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कॉम्प्युटरवर जे होत होतं ते सगळं एसएमएसवर झालं, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना तेच जास्त आवडलं.

मी डिझायनर म्हणून हे वाचलं आणि गप्प बसलो. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं मावतात १६०, देवनागरीत लिहिलं तर ७०. ना रंग, ना आलेख, ना बाण. तरी लोकांना बरं वाटलं, कारण त्यात त्यांच्या प्रश्नाचं उत्तर होतं. माझा ऊस किती भरला? माझी तोड कधी? मी मात्र विश्लेषकांसाठी एका पानावर चोवीस चौकटी मांडल्या होत्या, आणि 'हे पैसे कुणाचे' ह्याचं उत्तर एकीतही न्हवतं.

रंग कुणाच्या बाजूचा?

अजून एक उदाहरण, आणि हे सरकारी आहे. २०२१ च्या हंगामाआधी राज्याच्या साखर आयुक्तालयानं कारखान्यांची यादी जाहीर केली. मागच्या हंगामात कुणी शेतकऱ्यांचे पैसे कसे दिले ते बघून कारखान्यांना रंग दिले. पैसे द्यायला सतत टाळाटाळ करणाऱ्यांना लाल. ऊस कुठं घालायचा हे शेतकऱ्यानं बघून ठरवावं, हा हेतू. बघा, आकडा तोच, थकबाकी. पण बघणारा शेतकरी आहे असं धरलं की त्याचा रंग लाल. माझ्या डॅशबोर्डवर बघणारा गुंतवणूकदार होता, तिथं तोच आकडा रोख वाढवून हिरवा झाला.

आणि नुसता रंग न्हवे, व्याख्याही. २०२२ मध्ये राज्य सरकारनं एफआरपी दोन हप्त्यांत द्यायचा निर्णय काढला होता. पहिला हप्ता महसूल विभागासाठी ठरवून दिलेल्या उताऱ्यावर, उरलेला हंगाम संपल्यावर त्या वर्षीच्या उताऱ्यावर. शेतकरी संघटना कोर्टात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. आता विचार करा, तुम्ही डॅशबोर्डवर 'एफआरपी थकबाकी' अशी चौकट काढताय. थकबाकी म्हणजे पहिल्या हप्त्याची की पूर्ण रकमेची? कुठल्या वर्षाच्या उताऱ्यानं? व्याख्या बदलली की एक रुपया न देता थकबाकी कमी दिसू शकते. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत लोक दरवर्षी कशासाठी घसा कोरडा करतात ते असल्या व्याख्यांमुळं.

परत हिरव्या बाणाकडं

आता माझ्या कामाचं सांगतो. आकडे उदाहरणादाखल धरा. कंपनी वर्षाला ९०० कोटींचा ऊस घेते. गेल्या मार्चअखेर उसाचं देणं ९० कोटी, ह्या मार्चअखेर १५० कोटी. म्हणजे ६० कोटी रुपये कंपनीकडंच राहिले. हिशेबाच्या नियमानं ते कामकाजातल्या रोखीत वाढ म्हणून दिसतात. नियम चुकीचा न्हाई, रोख खरंच कंपनीच्या खात्यात आहे. देणी फेडायला लागणारे सरासरी दिवस ३७ वरनं ६१ झाले, आणि बऱ्याच तक्त्यांत ही गोष्ट 'खेळत्या भांडवलाची कार्यक्षमता' म्हणून कौतुकानं मांडतात.

त्यात साखर धंद्याची एक खोड आहे. गाळप चालतं चार-पाच महिने, साखर विकली जाते बारा महिने. मार्चअखेर गोदामं भरलेली, आणि देणीही सगळ्यात जास्त. सप्टेंबरात दोन्ही ओसरतात. त्यामुळं मार्चची तुलना सप्टेंबरशी केली तर भलतंच चित्र दिसतं, मार्चची मार्चशीच करावी लागते. ही गोष्ट मला कुठल्या कोर्सात न्हाई, आमच्या खळ्यावर कळली होती. तरी डॅशबोर्ड करताना विसरलो.

दुसऱ्या दिवशी मी फर्मच्या लोकांशी बोललो. म्हटलं, हा बाण मी बदलतोय. रोखीची चौकट फोडतो. किती रोख नफ्यातनं आली, किती साठा विकून आली आणि किती देणी थकवून आली, तीन पट्ट्या वेगळ्या. शिवाय उसाचं देणं इतर देण्यांत न मिसळता जिथं मिळेल तिथं वेगळं, आणि शेजारी आयुक्तालयाच्या अहवालातली थकबाकी. आकड्यावर बोट ठेवलं की मूळ कागद उघडला पाहिजे.

तिथले एक ज्येष्ठ विश्लेषक म्हणाले, "शेतकऱ्यांचा कळवळा समजतो. पण आपलं गिऱ्हाईक गुंतवणूकदार आहे."

मी म्हटलं, "सर, मी गुंतवणूकदाराचंच बोलतोय. हे ६० कोटी फुकटचे न्हाईत. १४ दिवसांपुढं १५ टक्के व्याजाचं देणं आहे. वसुलीचा आदेश निघाला तर महसूल खातं साखरेवर टाच आणू शकतं. आणि पैसे न मिळालेला शेतकरी पुढच्या वर्षी ऊस दुसरीकडं घालतो. मग गाळप कमी. ही रोख म्हणजे पुढच्या हंगामाकडनं घेतलेली उचल आहे."

उचल हा शब्द त्यांना समजावून सांगावा लागला. ऊसतोड मजुराला मुकादम हंगामाआधी पैसे देतो, ती उचल. घेताना खिसा भरलेला दिसतो.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, पट्ट्या फोडा, पण बाण हिरवा राहू द्या, नियमानं तो हिरवाच आहे. शेवटी बाणाचा रंगच काढून टाकायचं ठरलं. करडा बाण, आणि खाली तीन पट्ट्या. आयुक्तालयाचा आकडा पहिल्या पानावर काही आला न्हाई, दुसऱ्या पानावर गेला. मी भांडलो, पण अर्धंच जिंकलो. खरं तेच सांगतोय.

टांग्याची फळी आठवतेय? गाडीत बसलेल्याच्या अंगावर चिखल येऊ नये म्हणून ती लावायचे. वाईट काही न्हाई त्यात. पण फळी इतकी उंच झाली की समोरचा रस्ताच दिसेना, तर गाडी कुठंतरी आदळणार. माझ्या डॅशबोर्डनं विश्लेषकाच्या अंगावर चिखल उडू दिला न्हवता, त्यामुळं रस्ता किती खराब आहे तेही त्याला दिसत न्हवतं.

आणि आण्णांचं बिल? जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जमा झालं. ३० तारखेच्या आत सोसायटी भरली. व्याज आलं न्हाई, आम्ही मागितलंही न्हाई. मी म्हटलं, "आण्णा, कायद्यानं व्याज मिळतं. अर्ज करूया काय?" तर म्हणाले, "पुढच्या साली तोड लवकर पायजे का नको?" ह्याच्यावर माझ्याकडं उत्तर न्हवतं. असला हिशेब कुठल्याच डॅशबोर्डवर येत न्हाई.

पण एक गोष्ट केली. घरातल्या पाच वर्षांच्या वजनपावत्या पत्र्याच्या डब्यात होत्या. त्या सगळ्या फोनवर एका साध्या तक्त्यात घातल्या. तारीख, टन, दर, बिल कधी यायला पाहिजे होतं, कधी आलं, किती दिवस उशीर. एवढंच. रंग एकही न्हाई. आण्णांनी चष्मा लावून बघितलं, मग डब्यातनं एक पावती काढून पडद्याशेजारी धरली आणि आकडा जुळतोय का ते तपासलं. ताळा केला. मग दुसरी काढली. पंचवीस-तीस पावत्या झाल्यावर म्हणाले, "बरोबर हाय. शेजारच्या तात्यांचं पण करून दे."

तर मंडळी, तुमच्या घरात ऊस असेल, दूध संघाची बिलं असतील, नाहीतर नुसत्या पगाराच्या स्लिपा असतील. ह्या आठवड्यात एक तक्ता करा. पैसे कधी यायला पाहिजे होते आणि कधी आले, दोनच रकाने. आणि घरातल्या मोठ्या माणसाला समोर बसवून मूळ कागदाशी ताळा करून घ्या. काय निघालं ते मला कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, रामराम!